बोर्ड गेलाय म्हणजे नेमकं काय गेलंय?

घरातलं कुठलंही मशीन बंद पडलं की हल्ली एकच निदान होतं. बोर्ड गेलाय. वॉशिंग मशीन थरथरतंय? बोर्ड. एसी गार करत नाही? बोर्ड. डिशवॉशर मध्येच थांबतोय? अर्थातच बोर्ड! पूर्वी घरातल्या प्रत्येक दुखण्याला 'दृष्ट लागली' म्हणायचे, त्याचीच ही सुधारित आवृत्ती. फरक एवढाच की दृष्ट मीठ-मोहरीत उतरायची, बोर्ड दहा-बारा हजारांत उतरतो. (गंमत म्हणजे डिशवॉशरच्या बाबतीत मीठ आणि मोहरी या दोघांचाही खरोखरच संबंध असतो. ते पुढे येईलच.)

माझं म्हणणं सरळ आहे. मोजमाप न करता पार्ट बदलणं ही दुरुस्ती नव्हे, तो जुगार आहे. आणि या जुगारात पैसे आपले, पत्ते कंपनीचे.

हे मी मुद्दाम आपल्या आयटीवाल्या जमातीला उद्देशून लिहितोय. कारण सगळ्यात जास्त राग मला आपलाच येतो. ऑफिसात प्रॉडक्शनवर काही कोसळलं आणि एखाद्या पोराने लॉग न बघता 'सर्व्हर बदलून टाकू' असं म्हटलं, तर आपण त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो. लॉग दाखव, कधीपासून होतंय सांग, शेवटचा बदल काय केला होता, प्रॉब्लेम पुन्हा करून दाखवता येतो का... आणि हेच आपण शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात उभे राहून, हातात चहाचा कप घेऊन, समोरच्या माणसाला विचारतो, "किती होतील? ऑनलाइन पाठवू का?" अरे, तुझा रूट कॉज अॅनालिसिस कुठे गेला बाबा?

तुम्ही म्हणाल, ते सॉफ्टवेअर आहे, हे मशीन आहे, त्यातलं आपल्याला काय कळतं. बरं, मग डिशवॉशरमध्ये असतं तरी काय ते बघू.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात जोसेफीन कॉक्रेन नावाची एक बाई होती. तिने २८ डिसेंबर १८८६ ला भांडी धुण्याच्या मशीनचं पेटंट मिळवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मशीन मांडलं. भांडी जाळीत स्थिर ठेवायची आणि त्यांच्यावर जोराने पाणी मारायचं, ही तिची मूळ कल्पना. आज आपल्या ओट्याखाली जे आहे ते कल्पनेच्या पातळीवर तेच आहे. वर डिस्प्ले आला, वायफाय आलं, पण आत कामं चारच. पाणी आत घेणं, ते तापवणं, ते भांड्यांवर मारणं आणि ते बाहेर टाकणं. पाचवं काम म्हणजे आत येणारं जड पाणी मऊ करणं. संपलं. आपण दिवसभर ज्या सिस्टिम्स सांभाळतो त्यांच्यापुढे हे म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं असाइनमेंट आहे.

या पाच कामांतलं कुठलं अडलं, हे बहुतेक वेळा पाना हातात न घेता कळतं.

पाणीच येत नसेल तर आधी नळ. मग नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी. टँकरच्या पाण्यातली रेती आणि टाकीतला गाळ तिथेच अडकतो. मग दाब. मशीनच्या मॅन्युअलमध्ये पाण्याचा किमान दाब छापलेला असतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर उंच असेल, तर तुमच्या नळाला ०.३ बार मिळतो. मशीन ०.५ मागत असेल तर ते 'पाणी नाही' म्हणून ओरडणारच. ते खोटं बोलत नाहीये! यात बोर्डाचा काय दोष? डोंबिवलीला माझ्या मावशीकडे याच कारणासाठी एकदा इनलेट व्हॉल्व्ह बदलला गेला, सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा बदलला गेला. दोन्ही वेळा बिल झालं. बादली लावून एका मिनिटात किती पाणी येतं हे कोणी मोजलं नाही. शेवटी प्लंबरने लहानसा प्रेशर पंप बसवला आणि विषय संपला.

पाणी तापत नसेल तर काम झाल्या झाल्या दार उघडून बघा. वाफ येत नाही, भांडी गार, तेलाचा चिकट थर तसाच. हीटर साधारण दोन हजार वॅटचा असतो. बारावीचं फिजिक्स आठवा. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६ ओहमच्या आसपास. मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. प्लग काढून हीटरच्या दोन टोकांना लावला आणि २६ च्या जवळपास आकडा आला, तर हीटरची तार शाबूत आहे. काहीच कनेक्शन दाखवलं नाही, तर हीटर गेला. हा तीस सेकंदांचा प्रयोग आहे. तो तुम्ही स्वतः करा असं मी म्हणत नाही, पण जो माणूस पैसे घेणार आहे त्याने तो करावा की नाही?

फवारा नीट उडत नसेल तर आता मोहरी! आपल्या फोडणीतली मोहरी आणि जिरं यांचा आकार पंख्याच्या भोकात बसायला अगदी मापाचा असतो. खालचा पंखा काढून कानाशी हलवा. खुळखुळ्यासारखा वाजला तर निदान झालं. टूथपिक घ्या आणि एकेक भोक मोकळं करा. मग तळाची गाळणी. तिच्यात कढीपत्ता, भाताची शितं, स्टीलच्या नव्या डब्यावरचं न निघालेलं लेबल असं सगळं संग्रहालय सापडतं. आणि पंखा हाताने फिरवून बघा, एखाद्या उभ्या झाऱ्याला तर अडकत नाहीये ना.

पाणी बाहेर जात नसेल तर ड्रेनची नळी कुठे मुरगळलीय का बघा, सिंकच्या खालचा जोड तुंबलाय का बघा, आणि गाळणीच्या खाली पंपाचं झाकण असतं ते उघडून बघा. हाताला जपून, कारण तिथे काचेचे तुकडे असू शकतात.

आणि राहिलं मीठ. मशीनच्या पोटात रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते स्वतःकडे धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. हे मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजंतवानं करावं लागतं. म्हणून ते जाडं मीठ. (घरातलं आयोडिनवालं बारीक मीठ तिथे चालत नाही. ते गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात जे घालतात ते तिथे त्रास देतं.) पण नुसतं मीठ भरून भागत नाही, आपल्या पाण्याचा जडपणा किती ते मशीनला सांगावं लागतं. खडकवासल्याचं पाणी आणि बोअरचं पाणी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मशीन मात्र कारखान्यातून एकच सेटिंग घेऊन येतं.

वाघोलीला राहणाऱ्या माझ्या एका मित्राचे काचेचे ग्लास दोन महिन्यांत दुधाळ झाले. त्याला 'हे मॉडेलच जुनं झालंय सर, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या' असा सल्ला मिळाला. सोसायटीत वर्षातले आठ महिने टँकर. यावर एक सोपी परीक्षा आहे. दुधाळ ग्लास लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने चोळा. डाग गेला तर तो पाण्याचा क्षार आहे, म्हणजे मीठ आणि सेटिंग बघा. नाही गेला तर काचच झिजलीय, मग कुठलंही मशीन आणलं तरी तो ग्लास परत चमकणार नाही. त्याचे ग्लास लिंबाने लख्ख झाले. जडपणाचं सेटिंग वाढवलं, मीठ भरलं. नवीन मशीनचे चाळीस हजार वाचले. अर्ध्या लिंबात!

आता माझ्या घरची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात आमचा डिशवॉशर मध्येच थांबायला लागला. तळाला पाणी तसंच, डिस्प्लेवर कोड. कंपनीचा माणूस आला. (कंपनी कुठली ते सोडा. तुमच्याकडे जी आहे तीच समजा.) त्याने कोड बघितला, मशीन दोनदा बंद-चालू केलं आणि म्हणाला, "सर, बोर्ड गेलाय. अकरा हजार आठशे. पार्ट यायला बारा दिवस."

"या कोडचा अर्थ काय?"

"ते आम्हाला सांगता येत नाही सर."

"बरं, कुठलं रीडिंग घेतलंत?"

"रीडिंग नाही सर, एक्सपीरियन्स आहे."

मी चहा दिला, व्हिजिट चार्ज दिला आणि बोर्डला नाही म्हटलं. तो गेल्यावर प्लग काढला, मगने पाणी उपसलं, गाळणी काढली, पंपाचं झाकण काढलं. पात्याच्या मागे करवंटीचा नखाएवढा तुकडा. सोलकढीसाठी नारळ खवला होता, त्याची आठवण. चिमट्याने काढला, झाकण लावलं, मशीन चालू केलं. चाळीस मिनिटं लागली आणि त्यातली वीस पाणी उपसण्यात गेली. त्यानंतर आजपर्यंत तो बोर्ड बिचारा इमानेइतबारे काम करतोय.

यात मला त्या टेक्निशियनचा राग आलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. चहा पिता पिता तो म्हणाला की त्याला दिवसाला आठ-नऊ कॉल करावे लागतात. पावसात, बाईकवर, पाठीला सॅक लावून. प्रत्येक घरी चाळीस मिनिटं शोधत बसला तर त्याचा दिवस भरत नाही. व्हिजिट चार्ज तेवढाच, मग करवंटी शोधा नाहीतर बोर्ड लिहून द्या. म्हणजे शोधण्याला किंमत शून्य आणि पार्टला किंमत अकरा हजार. अशी व्यवस्था लावली तर जगातला सगळ्यात प्रामाणिक माणूससुद्धा बोर्डच लिहून देईल. आपल्याकडे कोणी बग किती सुधारले यापेक्षा किती सर्व्हर विकत घेतले यावर अप्रेझल ठेवलं असतं, तर आपण काय केलं असतं?

म्हणून भांडण आहे ते ही व्यवस्था लावणाऱ्यांशी, आणि ती मुकाट्याने चालू देणाऱ्या आपल्याशी.

यावर नेहमीचे तीन आक्षेप येतात.

पहिला, "विजेचं काम आहे, उगाच शॉक बसेल." अगदी बरोबर. म्हणून प्लग काढल्याशिवाय कशालाही हात लावू नये, आणि वायरिंगचं काम ज्याला येतं त्यानेच करावं. पण गाळणी धुणं, जाळी साफ करणं, पंख्यातली मोहरी काढणं, मीठ भरणं यात वीज कुठे आली? हे सगळं मॅन्युअलमध्ये ग्राहकाने करायचं काम म्हणूनच छापलेलं असतं. ते केल्याने वॉरंटीही जात नाही. मॅन्युअल वाचायला मात्र लागतं. (ज्या माणसाने कनिष्ठांना 'डॉक्युमेंटेशन वाच' असं एकदाही सांगितलं नसेल त्याने खुशाल वाचू नये.)

दुसरा, "कधी कधी बोर्ड खरंच जातो की." जातो ना! दमट हवेने जातो, व्होल्टेज वरखाली झालं की जातो, आत झुरळ शिरून शॉर्ट झालं तरी जातो. माझा बोर्ड जाण्याला विरोध नाही. पुरावा न देता तो गेला असं जाहीर करण्याला आहे. पंप, हीटर, सेन्सर तपासले, सगळे ठीक निघाले, त्यांना बोर्डाकडून वीजच मिळत नाहीये, मग म्हणा बोर्ड गेला. मी निमूटपणे पैसे देईन.

तिसरा आणि सगळ्यात लाडका, "माझा एक तासाचा रेट बघता, मला हे परवडत नाही." हा आक्षेप घेणारा माणूस शनिवारी दुपारी काय करत असतो हे मला माहीत आहे, तेव्हा त्याने तासाचा रेट मला सांगू नये. पण याचं खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते जरा टोचणारं आहे.

पार्ट यायला बारा दिवस. या बारा दिवसांत भांडी कोण घासतं?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी मावशींना गेटवरच अडवलं आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तेव्हा डिशवॉशर आला. आपण फोटो काढले, ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे घरकामाची समान वाटणी आहे. ती वाटणी त्या मशीनच्या जिवावर उभी आहे. ते बंद पडलं की पहिले दोन दिवस आपण उत्साहाने बाह्या सरसावतो, तिसऱ्या दिवशी रिलीज असतो आणि चौथ्या दिवसापासून सिंकपाशी बायको उभी असते, नाहीतर आई. नाहीतर मावशींना 'जरा एवढी आठवडाभर भांडी पण बघा ना' असं सांगितलं जातं. जादा पैसे न ठरवता, बरं का. म्हणजे बोर्डचे अकरा हजार आपण देतो, पण त्या बारा दिवसांचं बिल भलत्याच माणसाच्या मनगटांवर फाटतं. आणि आपण तासाच्या रेटच्या गोष्टी करतो. तळाची गाळणी काढून बघणं हा छंद नाही महाराजा, तो घरकामातला आपला वाटा आहे.

आता जरा बाहेर बघू. युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून घरगुती डिशवॉशरसाठी नियम लागू आहेत. मॉडेल बाजारात येणं थांबल्यावरही पंप, मोटर, हीटर, सेन्सर आणि सर्किट बोर्ड दुरुस्ती करणाऱ्यांना निदान सात वर्षं मिळाले पाहिजेत. फवाऱ्याचे पंखे, गाळण्या, दाराची सीलं हे तर थेट ग्राहकालाही, दहा वर्षं. पार्ट पंधरा कामाच्या दिवसांत पोहोचला पाहिजे. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बिघाडाच्या कोडची यादी आणि तपासणीची माहिती बाहेरच्या व्यावसायिक कारागिरालाही मिळाली पाहिजे. म्हणजे 'ते आम्हाला सांगता येत नाही सर' हे वाक्य तिथे कंपनीला इतक्या सहज म्हणता येत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या कक्षेत घरगुती उपकरणंही होती. २४ डिसेंबर २०२२ ला त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. चांगलं झालं. पण पोर्टलवर माहिती ठेवणं वेगळं आणि ती द्यायला कंपनीला कायद्याने बांधणं वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर, लँडिंग पेज झालंय, बॅकएंडचं बघू.

तोपर्यंत काय करायचं? क्रांतीबिंती नको. तीन वाक्यं पाठ करा. "कोडचा अर्थ लिहून द्या." "रीडिंग काय आलं ते बिलावर लिहा." "जुना पार्ट मला परत द्या." ओरडायचं नाही, चहा द्यायचा आणि म्हणायचं. आणि एखाद्याने खरोखर चाळीस मिनिटं खपून करवंटी शोधून दिली, तर पार्ट बदलला नाही म्हणून घासाघीस करू नका. शोधण्याचेच पैसे द्या, भरपूर द्या. आपणसुद्धा शोधण्याचेच पैसे घेतो. शेवटी बदललेली ओळ एकच असते, आणि ती कुठली हे समजायला तीन दिवस गेलेले असतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तुमच्या गल्लीत अजून एखादा जुना मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा माणूस असेल, ज्याच्या टेबलावर मल्टिमीटर असतो आणि जो आधी वास घेतो, मग वाजवून बघतो, मग स्क्रू काढतो. त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा. ती पद्धत आपली आहे. आपण ती ऑफिसात वापरतो आणि घरी येताना तिथेच ठेवून येतो, एवढंच.